ठिपका, गाळणी की एस-व्हॅल्यू: बंकर घेताना कुणाचं ऐकायचं?

जहाजाच्या टाकीत तीस टक्के जुनं इंधन शिल्लक आहे, नवं इंधन, म्हणजे बंकर, घेऊन बार्ज येऊन लागलेलं आहे आणि दुसरी टाकी रिकामी नाही. जुन्या आणि नव्या, दोन्ही तेलांचे रिपोर्ट स्वच्छ. एकावर दुसरं घ्यायचं का? १ जानेवारी २०२० ला जहाजी इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली, आणि तेव्हापासून हा प्रश्न जास्तच छळतो. कारण कमी गंधकाचं तेल, म्हणजे व्हीएलएसएफओ, प्रत्येक बंदरात वेगळ्याच मालातून जमवलेलं असतं.

भांडण सगळं अ‍ॅस्फाल्टीनचं आहे. हेप्टेनमध्ये विरघळत नाही पण टोल्युइनमध्ये विरघळतो, तो तेलाचा काळा भाग म्हणजे अ‍ॅस्फाल्टीन. त्याची व्याख्याच अशी विरघळण्यावरून केलेली आहे, रेणूच्या सूत्रावरून नाही. तो तेलात कलिल रूपात, म्हणजे अतिसूक्ष्म कणांनी, तरंगत असतो, रेझिन (तेलातलेच चिकट घटक) त्याला सांभाळतात आणि भोवतीचा अ‍ॅरोमॅटिक (बेंझिनच्या जातीचा) भाग त्याला सामावून घेतो, हे चित्र डच रसायनज्ञ नेलेनस्टाइन यांनी १९२४ मध्येच मांडलं होतं. पुढे त्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण कामापुरतं ते अजून चालतं. कढीचं उदाहरण घ्या. ताकाला बेसन लावलं की उकळीतही ती एकजीव राहते, बेसन विसरलात की फुटते. कढीतलं रसायन प्रथिनांचं, त्यामुळे तुलना फार ताणू नका. पण पॅराफिनी (मेणाच्या जातीचं) तेल ओतलं की अ‍ॅस्फाल्टीनचं असंच फुटतं, आणि मग प्युरिफायर आणि फिल्टर गाळाने भरतात. फुटलेलं सहजासहजी पुन्हा सांधतही नाही.

आता ओळखायचं कसं? चाचण्या तीन प्रकारच्या आहेत आणि लोक त्यांना एकाच कामाच्या समजतात. तिथेच घोटाळा होतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ठिपका, एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी ४७४० पद्धत. तेल तापवायचं, नीट ढवळायचं, चाचणीच्या कागदावर एक थेंब सोडायचा आणि कागद तासभर १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा. बाहेर काढल्यावर एकसारखा तपकिरी गोल दिसला तर तो एक नंबरचा ठिपका. आत पुसटशी कडी दिसली तर दोन. कडी बारीक पण स्पष्ट असेल तर तीन, जाड आणि गडद असेल तर चार, आणि मधोमध काळाकुट्ट भरीव डाग पडला तर पाच. तिनापासून पुढे मी सावध होतो. दोन तेलं मिसळून हाच ठिपका टाकला की सुसंगतीची चाचणी झाली. इंजिन रूममध्ये दीडेक तासात उरकते, बाकी दोघींना हे जमत नाही. खोट मात्र आहे: व्हीएलएसएफओमधलं मेणसुद्धा कडी उमटवतं, आणि चांगलं तेल उगीच बदनाम होतं. शिवाय दोन आणि तीनमधला फरक शेवटी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर असतो.

गाळणीची चाचणी याहून सरळ आहे. दहा ग्रॅम तेल १०० अंशांवर चोवीस तास मुरवायचं, मग काचतंतूच्या गाळणीतून गरम असतानाच गाळायचं आणि वर उरलेलं वजन करायचं. ही टीएसपी, म्हणजे भविष्यात होऊ शकणाऱ्या गाळाचं माप. आयएसओ ८२१७ या जहाजी इंधनाच्या मानकात मर्यादा आहे ०.१० टक्के. आकडा छोटा वाटतो, पण ५०० टन बंकरमध्ये मर्यादेवरचा गाळसुद्धा ५०० किलो होतो. पुरवठादाराशी वाद झालाच तर हाच आकडा कामाला येतो, ठिपक्याचा फोटो नाही. पण टीएसपी बोलते फक्त बाटलीतल्या तेलाबद्दल. टाकीत आधीपासून काय आहे, हे तिला माहीतच नाही.

तिसऱ्या प्रकारात गाळ मोजत नाहीत, गाळ होण्यापासून तेल किती लांब आहे ते मोजतात. पी-व्हॅल्यूसाठी तेलात सिटेन हा पॅराफिनी द्रव थोडाथोडा वाढवत नेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली अ‍ॅस्फाल्टीनचे कण कधी दिसू लागतात ते पाहतात. पाच ग्रॅम तेलाने एक मिलिलिटर सिटेन पचवलं तर पी-व्हॅल्यू १.२. एक म्हणजे कडेलोट. व्हिसब्रेकर (रिफायनरीत जड तेल भट्टीत तापवून पातळ करणारं युनिट) चालवणारे याच आकड्यावर नजर ठेवून असतात, कारण भट्टी जितकी तापवावी तितकी ही शिल्लक कमी होते. एस-व्हॅल्यू (एएसटीएम डी ७१५७) याचंच यंत्राने केलेलं रूप, आणि मला ती जास्त आवडते, कारण ती शिल्लक दोन भागांत फोडून दाखवते: तेलाची सामावून घेण्याची ताकद किती आणि अ‍ॅस्फाल्टीन किती हट्टी, म्हणजे विरघळून राहायला किती नाखूष. यंत्र महाग आहे, आणि अ‍ॅस्फाल्टीन अगदीच कमी असेल तर त्याला धड काही दिसत नाही.

हे दोन भाग वेगळे कळण्याचा फायदा काय, ते वीही आणि केनेडी या संशोधकांच्या गणितात दिसतं. त्यांनी प्रत्येक तेलाला दोन अंक दिले, एक ताकदीचा आणि एक हट्टाचा. सुएदी या सीरियन क्रूडची ताकद ६३ आणि हट्ट ३९. उत्तर समुद्रातल्या फोर्टीजची ताकद २७ आणि हट्ट ११. प्रत्येकाची ताकद हट्टापेक्षा मोठी, म्हणजे सुटी दोन्ही तेलं ठीक. मिश्रणाची ताकद आकारमानाच्या प्रमाणात काढायची आणि ती सगळ्यात हट्टी तेलाच्या अंकापेक्षा जास्त हवी. निम्मं-निम्मं केलं तर ताकद ४५, पास. सुएदी ३० आणि फोर्टीज ७० केलं तर ३७.८, नापास.

आता सुरुवातीची टाकी आठवा. ठिपक्याच्या चाचणीत सवयीने निम्मं-निम्मं मिसळतात आणि हुश्श करतात. टाकीत मात्र तीस-सत्तर होणार असतं.

म्हणून इंधन तयार करणाऱ्याने किंवा ब्लेंड करणाऱ्याने एस-व्हॅल्यूचा खर्च करावाच, तिथे मी दुसरा पर्याय धरत नाही. विकत घेणाऱ्याने टीएसपी मागावी, आणि बंदर नेहमीचं असेल तर पुरवठादाराकडून एस किंवा पी-व्हॅल्यूही काढून घ्यावी. देत नसेल तर का देत नाही तेही विचारावं. जहाजावर ठिपकाच, पण प्रमाण प्रत्यक्षातलं घेऊन. तीन बाटल्या करा: टाकीत शेवटी होणार तेवढं प्रमाण, त्याच्या उलटं, आणि निम्मं-निम्मं. उलटी बाटली अशासाठी की टाकी भरताना पहिली पाइपभर धार जुन्या तेलात पडते तेव्हा जुनंच जास्त असतं. सुएदीत फोर्टीज ओतत निम्म्यापर्यंत गेलं तर काही बिघडत नाही, फोर्टीजमध्ये सुएदी ओतायला घेतलं तर सुरुवातच नापास पट्ट्यातून होते. तिन्हींपैकी एकात जरी कडी आली तरी मेण समजून सोडून देऊ नका. त्याच मिश्रणाचा नमुना टीएसपीला पाठवा, आणि निकाल येईपर्यंत जुनं तेल आधी जाळून टाकी जमेल तितकी खाली करा.