चीनमध्ये केएफसी की मॅकडोनाल्ड्स?
माझा कौल केएफसीला, आणि तो चवीसाठी नाही. १९८७ साली बीजिंगच्या छ्यानमेन भागात तिचं पहिलं दुकान उघडलं; मॅकडोनाल्ड्स १९९० मध्ये शेनझेनला आली. पण तीन वर्षांच्या आघाडीपेक्षा स्वयंपाकघर मोठं ठरलं. केएफसीत सकाळी तांदळाची गरम पेज मिळते, सोबत यौथ्याव, म्हणजे तळलेली पिठाची लांब कांडी. शिवाय काकडी, कांद्याची पात आणि गोडसर सॉस घालून गुंडाळलेला बीजिंग पद्धतीचा चिकन रोल. गिऱ्हाइकाची न्याहारी इतकी मनावर घेणं मला फार मोलाचं वाटतं! मॅकडोनाल्ड्सची मुख्य भिस्त बर्गरवरच राहिली. २०१७ मध्ये चीनमधल्या धंद्याचा बहुतांश हिस्सा सिटिक हा चिनी सरकारी उद्योगसमूह आणि कार्लाइल ही अमेरिकी गुंतवणूक कंपनी यांच्याकडे गेल्यावर तिचीही दुकानं झपाट्याने वाढली. तरी २०२३ अखेर दहा हजार दुकानांचा टप्पा गाठला तो केएफसीनेच.