जीनोमच्या उत्क्रांतीवर काम करायचंय: पक्षी घ्यावेत की सरीसृप?

एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडी क्रोमोसोम (पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या) आणि जीनोमच्या (सजीवाच्या सगळ्या डीएनएच्या) उत्क्रांतीवर करायची हे ठरलंय, पण पक्षी घ्यावेत की साप-सरडे-कासवं यावर अजून हो-नाही चाललंय, अशांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. हातात सात-आठ महिने असतील आणि काम बहुतेक कम्प्युटरवरच होणार असेल तर पक्षी घ्या. चार-पाच वर्षं असतील आणि गाईड परवानग्यांसाठी पाठपुरावा करणारा असेल तर सरीसृप घ्या, कारण मोठे प्रश्न तिकडे अजून उघडे पडलेत.

पक्ष्यांची सगळ्यात मोठी सोय म्हणजे कोंबडी. तिचा जीनोम 2004 मध्येच आला, त्यानंतर त्याची दुरुस्ती होत होत 2023 मध्ये जवळजवळ पूर्ण, म्हणजे गाळलेल्या जागा नसलेला जीनोम आला, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही पक्ष्याचा सिक्वेन्स घेतला तरी शेजारी ठेवून बघायला पक्का आधार मिळतो. 2014 मध्ये 48 पक्ष्यांचे जीनोम एकदम आले, 2020 मध्ये हाच आकडा 363 झाला आणि हा डेटा फुकट उतरवून घेता येतो. आपल्या मोराचा जीनोमसुद्धा भोपाळच्या आयसर या संशोधन संस्थेतून 2018 मध्ये आलाय.

आता कोंबडीची क्रोमोसोमची स्लाईड डोळ्यासमोर आणा. पेशी वाढवायच्या, कोल्चिसीन घालून विभाजन मधेच थांबवायचं, पोटॅशियम क्लोराईडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल-ॲसेटिक ॲसिडमध्ये फिक्स करून काचेवर थेंब टाकायचा आणि जिम्साने रंगवायचं. एकूण 78 क्रोमोसोम, म्हणजे 39 जोड्या, त्यातल्या दहाएक जोड्या नीट ओळखू येतात आणि बाकीचे नुसते ठिपके, एका पेशीत मोजले तर एक आकडा येतो नि शेजारच्या पेशीत दुसरा, कारण कधी दोन ठिपके एकमेकांवर बसलेले असतात तर कधी कचऱ्यालाच ठिपका समजलं जातं. म्हणून पक्ष्यांच्या जुन्या पेपरांत क्रोमोसोमच्या आकड्याआधी 'सुमारे' लिहिलेलं फार दिसतं.

पण हे ठिपके, म्हणजे मायक्रोक्रोमोसोम, आकाराने जीनोमचा जेमतेम पाव हिस्सा असूनही त्यांच्यात कोंबडीच्या जवळजवळ निम्म्या जीन्स दाटीवाटीने बसल्यात. त्यांच्यात जी आणि सी या डीएनएच्या अक्षरांचं (बेसचं) प्रमाण जास्त असल्याने जुन्या, छोटे तुकडे वाचणाऱ्या मशीनना ते भाग नीट वाचताच यायचे नाहीत, आणि त्यामुळे बरीच वर्षं पक्ष्यांनी कितीतरी जीन्स गमावल्यात असं मानलं जात होतं. लांब तुकडे वाचायचं तंत्र आल्यावर त्यातल्या बऱ्याच जागच्या जागी सापडल्या. तुमच्या पक्ष्यात एखादी जीन 'नाही' असं लिहिण्याआधी असेंब्ली (वाचलेले तुकडे जोडून उभा केलेला जीनोम) कुठल्या तंत्राने केलीये ते बघाच, परीक्षक हाच प्रश्न पहिला विचारतात आणि बरोबर विचारतात.

पक्ष्यांची अडचण अशी की चित्र फार स्थिर आहे. बहुतेकांचे क्रोमोसोम 80 च्या आसपास, जीनोम एक ते सव्वा अब्ज बेसचा, अगदी टोकाला गेलं तरी हमिंगबर्ड 0.9 आणि शहामृग 2.1, माणसाचा 3.1 आहे म्हणजे बघा. उडण्यासाठी जीनोम लहान झाला असं सगळीकडे लिहितात, पण 2007 मध्ये डायनासोरांच्या हाडांतल्या पेशींच्या पोकळ्या मोजून असं दिसलं की मांसाहारी डायनासोरांच्या ज्या शाखेतून पक्षी आले तिच्यात जीनोम आधीच लहान होता, उडणं नंतरचं. ही स्थिरता पक्ष्यांच्याही आधीची असणार, कारण चिनी मऊ पाठीच्या कासवाचे सर्वात मोठे सहा क्रोमोसोम कोंबडीच्या क्रोमोसोमशी जवळजवळ जसेच्या तसे जुळतात, आणि या दोघांचे रस्ते वेगळे होऊन वीस-पंचवीस कोटी वर्षं झालीत. त्यामुळे 'माझ्या पक्ष्यात काय बदललं' याचं उत्तर बऱ्याचदा 'फार काही नाही' असं येतं. अपवाद मात्र मस्त आहेत: हुदहुदमध्ये सुमारे 126 क्रोमोसोम, युरोपातल्या करवानकात 42, ससाण्यांमध्ये 50 च्या आसपास. मायक्रोक्रोमोसोम मोठ्यांना जाऊन चिकटले कसे हे बघायचं असेल तर ससाणे किंवा पोपट घ्या, एका वर्षात सुटेल इतका आटोपशीर प्रश्न आहे. आणि गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये तर फक्त प्रजननपेशींत राहणारा, बाकी शरीरातून काढून टाकला जाणारा एक जास्तीचा क्रोमोसोम असतो, 1998 मध्ये तो झेब्रा फिंचमध्ये सापडला. त्यासाठी वृषण किंवा अंडाशय लागतं, रक्ताच्या थेंबावर भागत नाही, हे लक्षात असू द्या.

सरीसृपांकडे वळलं की सगळंच पसरतं. एकट्या कासवांमध्ये क्रोमोसोम 26 पासून 68 पर्यंत. ॲनोल सरड्याचा जीनोम 2011 मध्ये आला, सरड्यांमधला पहिला, 36 क्रोमोसोम, त्यातल्या 12 जोड्या मायक्रो. न्यूझीलंडच्या टुआटाराचा (सरड्यासारखा दिसणारा सरीसृप) जीनोम 2020 मध्ये आला, तो सुमारे पाच अब्ज बेसचा, कोंबडीच्या चौपटीहून जास्त. त्याच वर्षी आपल्या नागाचा आला, 38 क्रोमोसोम, त्यातून विषाच्या जीन्स कुठे बसल्यात ते कळलं आणि प्रतिविष सुधारायची दिशा मिळाली. जिथे सर्पदंशाने इतकी माणसं जातात तिथे हे काम नुसतं पेपरपुरतं राहत नाही, मला स्वतःला हा मुद्दा फार जड वाटतो. मगरींमध्ये तर एकही मायक्रोक्रोमोसोम नाही, आणि आज जिवंत असलेल्यांत पक्ष्यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक त्याच! म्हणजे सरडा आणि मगर एका बाजूला, पक्षी दुसऱ्या बाजूला अशी वाटणी वंशवृक्षात टिकतच नाही, मगर सरड्यापेक्षा कोंबडीच्या जवळ आहे, म्हणून थिसिसच्या पहिल्या चॅप्टरमध्ये हे दोन गट समोरासमोर ठेवताना जपून लिहा.

पण खरा फरक पडतो तो लिंगनिर्धारणात. पक्ष्यांमध्ये सगळीकडे एकच पद्धत, लिंग-क्रोमोसोम नरात झेड-झेड, मादीत झेड-डब्ल्यू, आणि झेडवरच्या डीएमआरटी-1 जीनचा त्यात मोठा वाटा. सरीसृपांमध्ये काय काय नाही! मगरींमध्ये लिंगाचे क्रोमोसोमच नाहीत, अंड्याचं तापमान ठरवतं. वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचंही तसंच, 56 क्रोमोसोम पण नर-मादी वेगळा करणारा एकही नाही, वाळू तापली की माद्या जास्त. नाग-घोणसांमध्ये झेड-डब्ल्यू, पण अजगर आणि बोआंमध्ये एक्स-वाय आहे हे 2017 मध्ये कळलं, त्याआधी कित्येक वर्षं सगळे साप झेड-डब्ल्यूच असं शिकवलं जायचं. गेको पालींमध्ये तर पद्धत किमान 17 वेळा बदलली असावी असा हिशेब आहे. ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या ड्रॅगन सरड्यात क्रोमोसोमने नर ठरलेलं अंडं 32 अंशांच्या वर तापलं की त्यातून मादी निघू शकते, आणि रानातही तशा माद्या सापडल्यात. नवा लिंग-क्रोमोसोम जन्मतो कसा, डब्ल्यू झिजत जातो कसा, हे बघायला याहून चांगली जागा नाही.

भारतात या कामाला परंपराही आहे. शास्त्रज्ञ लालजी सिंह यांनी सापांच्या लिंग-क्रोमोसोमवर काम सुरू केलं, पट्टेरी मण्यारच्या मादीच्या डीएनएतून पुन्हापुन्हा येणारा एक तुकडा शोधला, आणि पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत त्याच तुकड्यापासून आपलं स्वतःचं डीएनए फिंगरप्रिंटिंग उभं राहिलं, कोर्टात वापरलं गेलं.

सॅम्पलचं बोलायचं तर दोन्हींच्या लाल रक्तपेशींत केंद्रक असतं, त्यामुळे थेंबभर रक्तात भरपूर डीएनए मिळतो. फरक आहे तो परवानगीचा. कोंबडीसाठी वनखात्याकडे जावं लागत नाही, रानटी साप-सरडे-कासवांसाठी जावं लागतं आणि त्यात महिने जातात. रानपक्ष्यांनाही तोच नियम, पण तिथे तयार डेटावर भागवता येतं. कोंबडीतच राहून इथला प्रश्नही घेता येतो: पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीची जीन सह्याद्रीत दिसणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून आलीये हे 2008 मध्ये दाखवलं गेलं. आणि सरीसृपच हवेत पण आटोपशीर, तर वाळा बघा, कुंडीतल्या मातीत सापडणारा गांडुळासारखा साप. सगळ्या माद्या, नराशिवाय पिल्लं, आणि क्रोमोसोमचे दोनऐवजी तीन संच, एकूण 42.

मायक्रोक्रोमोसोमच्या मुळाशीच जायचं असेल तर मात्र दोन्ही गट एकत्र घ्यावे लागतील. 2021 च्या कामात असं दिसलं की पक्षी आणि सरीसृपांचे हे ठिपके आपसात जुळतातच, शिवाय अँफिऑक्सस या पाठीचा कणा नसलेल्या छोट्या समुद्री प्राण्याच्या क्रोमोसोमशीही जुळतात, म्हणजे ते कोणाचे तुटलेले तुकडे नाहीत, मूळचेच ते आहेत, आणि सस्तन प्राण्यांचे मोठे क्रोमोसोम ते एकत्र चिकटून झालेत. हा प्रश्न तयार डेटावरही हाताळता येतो, फक्त प्रजाती निवडताना एनसीबीआय या जीनोमच्या खुल्या डेटाबेसवर तिची असेंब्ली क्रोमोसोम पातळीची आहे की नुसती स्कॅफोल्डची (क्रोमोसोमवर न बसवलेल्या तुकड्यांची) ते बघा, आणि कॅरिओटाइप (क्रोमोसोमची संख्या आणि आकार दाखवणारं चित्र) कुणी छापलाय का तेही. दोन्ही नसेल तर ती प्रजाती पीएचडीसाठी ठेवा, आणि परवानगीचा अर्ज रजिस्ट्रेशनच्या आठवड्यातच टाका.