ग्रीस निपलवाला ॲक्सल आणि इलेक्ट्रिक ब्रेक, वर्षभराहून जास्त वापरल्यानंतर

सरळच सांगतो, ग्रीस निपलची (ग्रीस गन लावायचं छोटं तोंड) सोय चांगली आहे पण तिच्या भरवशावर हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) उघडायचं सोडून दिलंत तर ती महागात पडते. माझा ट्रेलर दोन ॲक्सलचा आहे, चारही चाकांना १० इंची ड्रम, इलेक्ट्रिक ब्रेक, हबच्या तोंडाला रबरी बूच आणि ते काढलं की आत निपल. ट्रेलर वापरलेला घेतलाय आणि घेतल्यापासून बेअरिंग-ब्रेकचं सगळं काम मीच करतो, त्यामुळे आधीच्या मालकाच्या काळातली घाणही या अनुभवात धरलेली आहे, नव्याकोऱ्या ॲक्सलचा रिव्ह्यू म्हणून वाचू नका.

आधी ही सोय काय आहे ते. स्पिंडलला, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या ॲक्सलच्या टोकाला, मधून भोक असतं. निपलमधून मारलेलं ग्रीस त्या भोकातून पार मागे जातं आणि सील (ग्रीस ब्रेककडे जाऊ नये म्हणून मागे बसवलेली रिंग) व आतलं बेअरिंग यांच्या मधोमध बाहेर पडतं, मग आतल्या बेअरिंगमधून हबच्या पोकळीत, तिथून बाहेरच्या बेअरिंगमधून पुढे आणि शेवटी निपलच्या बाजूने बाहेर. जुनं काळं ग्रीस आधी येतं, मागून नवीन येतं. ऐकायला एकदम भारी. पण बघा, ग्रीसच्या वाटेत सगळ्यात पहिले लागतं ते सील, आणि सीलच्या पलीकडे लगेच ब्रेक. गन भराभर मारली, चाक न फिरवता मारली, किंवा थंडीने ग्रीस घट्ट झालेलं असताना मारली की ते पुढे सरकायच्या ऐवजी सीलमधून मागे निघतं आणि ड्रममध्ये उतरतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही म्हणजे काही दिसत नाही.

माझ्या मागच्या डाव्या चाकात हेच निघालं. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेलं की बेअरिंगचं सर्व्हिसिंग ताजं आहे, आणि खोटं नव्हतं ते, बेअरिंग झकास होतं, रोलर चकाचक, ग्रीस एवढं की विचारू नका. फक्त त्यातलं अर्धं ब्रेकवर होतं. ड्रम ओढला तर तळाशी लोण्यासारखा गोळा जमलेला, मॅग्नेटच्या (करंट मिळाला की ड्रमला चिकटून शू दाबायला लावणारं चुंबक) तोंडावर ब्रेकची काळी धूळ मिसळून पेस्ट झालेली, दोन्ही शूंचं (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींचं) लायनिंग, म्हणजे घासणारा थर, काळपट आणि बोट फिरवलं की ओशट. बरं, त्याआधी गाडी चालवताना काय जाणवत होतं, तर ब्रेक मारला की ट्रेलर किंचित उजवीकडे ओढायचा आणि कंट्रोलरचा (गाडीत बसवलेला, ट्रेलरच्या ब्रेकला करंट देणारा) गेन, म्हणजे ब्रेकची ताकद, मात्र वाढवत न्यावा लागायचा. कोणालाही वाटेल सेटिंगचाच काहीतरी घोळ आहे.

असे शू ब्रेक क्लीनर मारून वाचवता येतात असं बरेच जण सांगतात. माझं मत विचाराल तर, वाचवू नका. लायनिंग ग्रीस पिऊन बसतं, वरून कोरडं ठणठणीत दिसतं आणि गरम झालं की परत पाझरायला लागतं. मी त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे शू एकदम बदलले, कारण एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने ठेवले तर परत ओढणं आलंच. लावताना आखूड लायनिंगचा शू पुढच्या बाजूला आणि लांबवाला मागे, आणि डावी-उजवी असेंब्ली वेगळी असते, हे लक्षात ठेवा.

तर आता मी काय करतो. ॲक्सल बनवणाऱ्या डेक्स्टर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये १२ महिने किंवा १२,००० मैल, म्हणजे साधारण १९,००० किमी, यातलं जे आधी होईल तेव्हा बेअरिंग साफ करून परत ग्रीस भरा असं दिलंय. मी अंतराकडे बघतच नाही, कारण ट्रेलर पळतो कमी आणि उभाच जास्त असतो, आणि उभ्या ट्रेलरच्या बेअरिंगला दमटपणाने गंज धरतो. वर्षातून एकदा चारही ड्रम निघणार म्हणजे निघणार. जॅक चेसिसला लावायचा, ॲक्सलच्या नळीला नाही, नळी वाकू शकते. खाली स्टँड, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. चाक उचललं की काढायच्या आधी वर-खाली धरून हलवून बघायचं, मग हाताने फिरवून कान लावायचा. ब्रेकचा हलका घसटण्याचा आवाज वेगळा आणि बेअरिंगची खरखर वेगळी, दोन-चार चाकं फिरवली की कान आपोआप तयार होतो.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचं आणि पूर्ण वाळवायचं. कॉम्प्रेसरची हवा मारून गरगर फिरवायचा मोह होतो, अजिबात करू नका, बिनग्रीसचं बेअरिंग हवेने फिरवलं तर खराब होतं आणि रोलर सुटून अंगावर येऊ शकतो. मग उजेडात एकेक रोलर निरखायचा. खड्डे, पापुद्रे निघाल्यासारखं, निळसर झाक (ती उष्णतेची), गंजाचे डाग, यातलं काहीही दिसलं की ते बेअरिंग गेलं समजायचं. आणि हबमध्ये ठोकून बसवलेली रेस (रोलर ज्यावर फिरतात ती बाहेरची कडी) पण त्याच्यासोबतच बदलायची, जुन्या रेसवर नवं बेअरिंग चालवणं म्हणजे पैसे फुकट. सील तर दर वेळी नवं, त्यात कंजुषी नाही, आणि निपलवाल्या ॲक्सलला दुहेरी ओठाचंच सील लागतं.

ग्रीस भरायला मशीन वगैरे काही लागत नाही. तळहातावर ग्रीसचा ढीग घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत हाताच्या दिशेने ओढत राहायची, ढिगाच्या कडेवर चापट मारल्यासारखी. थोड्या वेळाने रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूला ग्रीसच्या बारीक बारीक शेवया निघतात, तिथे भरलं. मग बेअरिंग थोडं फिरवून पुढचा भाग. नंबर २ चं (हा घट्टपणाचा नंबर) लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस वापरतो. आधी आत कुठलं ग्रीस आहे माहीत नसेल तर सगळं धुऊन काढा, कारण काही जातीची ग्रीसं, जसं लिथियम आणि बेंटोनाइट मातीचं, एकत्र आली की पातळ होऊन वाहायला लागतात.

हब धरून ठेवणारा स्पिंडलचा नट आवळण्यावर लोक भांडतात पण पद्धत साधी आहे. ड्रम हाताने फिरवत फिरवत नट साधारण ५० फूट-पाउंडाला, म्हणजे ६८ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा म्हणजे सगळं जागेवर बसतं, मग ड्रम न हलवता नट सैल सोडायचा, मग नुसत्या बोटांनी आवळायचा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट जरासा मागे, पुढे नाही. चाकात अगदी किंचित खेळ राहिला पाहिजे, गाडीच्या चाकासारखं घट्ट करायला गेलात तर बेअरिंग तापून मरेल. आणि हे सगळं अशा ग्रीसवाल्या टेपर रोलर बेअरिंगचं झालं हं, युरोपातल्या बऱ्याच कॅराव्हॅनना सीलबंद बेअरिंग असतं, त्यात ग्रीस भरायचा प्रश्नच नाही. आल्को कंपनीच्या तसल्या ॲक्सलला एकदाच वापरायचा नट २९० न्यूटन-मीटरला आवळतात, ड्रम काढला की नट नवा. दोन्हींची पद्धत एकमेकांना लावू नका.

मग निपलचा उपयोग काय? माझ्याकडे जवळपास काहीच नाही. ड्रम बसवल्यावर पोकळी भरायला चाक फिरवत हळूहळू थोडं मारतो, तेवढंच. दर ट्रिपच्या आधी दोन-चार पंप मारायची सवय अनेकांना असते आणि मला तीच सगळ्यात धोक्याची वाटते, कारण ग्रीस जातंय याचा अर्थ सगळं ठीक आहे असं मन मानून घेतं. निपल बेअरिंग दाखवत नाही, शू दाखवत नाही, मॅग्नेट दाखवत नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटर मात्र घ्याच. थांबलो की चारही हबवर एकाच जागी रोखून आकडे बघतो. आकडा किती यापेक्षा चौघांत वेगळा कोण हे महत्त्वाचं, ऊन पडणारी बाजू थोडी जास्त दाखवतेच. घाट उतरून लगेच मोजलं तर ब्रेकची उष्णता दिसते, बेअरिंगची नाही, म्हणून सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न लावता आल्यावर मोजा. आणि उतारानंतर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा थंड असेल तर तेही बघा, तिथला ब्रेक कामच करत नसणार.

आता इलेक्ट्रिक ब्रेक. मला आवडलेत, दुरुस्तीला सोपे, हायड्रॉलिकची गळती नाही, पण ते आपोआप ॲडजस्ट होणारे नाहीत (तसे मिळतात, माझे नाहीत) आणि ही गोष्ट वापरलेला ट्रेलर घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. मागच्या पत्र्याच्या फटीतून चपटा स्क्रूड्रायव्हर घालून दातेरी चक्र फिरवायचं, चाक जड होईपर्यंत, मग मागे सोडायचं, नुसती हलकी घसट राहिली पाहिजे. नव्या शूंना पहिल्या ३०० किमीनंतर एकदा आणि पुढे दर ५,००० किमीला. एवढ्याने जो फरक पडतो तो कंट्रोलर बदलूनही पडत नाही.

बाकी भानगड वायरिंगची. मॅग्नेटचा रेझिस्टन्स साधारण ३.२ ओम आणि करंट प्रत्येकी ३ अँपिअर, म्हणजे चार चाकांचे मिळून १२. प्लगजवळ निळ्या वायरमध्ये मीटर सिरीजमध्ये लावला की लगेच कळतं. कमी आला तर कुठेतरी गंजलेलं अर्थिंग किंवा तुटका जोड. माझ्याकडे ९ च येत होता, म्हणजे एक चाक पूर्ण बंद! वायर एका चाकाकडून दुसऱ्याकडे ॲक्सलच्या नळीतून गेलेली, आत घासून तुटलेली. नवी जाड वायर बाहेरून नळीला क्लिप मारून नेली. मॅग्नेटचा तोंडवळा सपाट झिजला तर ठीक, तिरका झिजला असेल तर मॅग्नेट धरणारा हात (लिव्हर) वाकलाय किंवा त्याचं बुशिंग गेलंय.

ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटला तर ब्रेक आपोआप लावणारा) पिन प्लग काढून ओढून बघा, चाकं धरली पाहिजेत, आणि लगेच परत घाला नाहीतर बॅटरी आणि मॅग्नेट दोन्ही तापतात. माझी त्यासाठीची छोटी बॅटरी मिळाली तेव्हाच मेलेली होती, म्हणजे ट्रेलर सुटला असता तर ब्रेक लागलाच नसता.

काम झाल्यावर चाकाचे नट टॉर्क रेंचनेच, एकाआड एक, आणि पहिल्या १५, ४० आणि ८० किमीला थांबून परत बघायचे, कंटाळा आला तरी. सोबत एक पूर्ण सेट ठेवतो, दोन्ही बेअरिंग ग्रीस भरून डब्यात, सील, स्प्लिट पिना मूठभर, आणि ते नंबर कागदावर, कारण माझ्या ॲक्सलचे बेअरिंग एल४४६४९ आणि एल६८१४९ आहेत पण स्पिंडल बदलला की नंबरही बदलतो, आपल्या बेअरिंगवर कोरलेला वाचून मगच मागवा.