१९११ पिस्तूल: नऊ महिने आणि ३,१०० राउंडनंतर

गेल्या आठवड्यात माझ्या शूटिंगच्या वहीत ३,१०० वा राउंड, म्हणजे झाडलेली गोळी, नोंदला गेला. नऊ महिन्यांपूर्वी हे पिस्तूल घेतलं तेव्हाच ठरवलं होतं, तीन हजार राउंड होईपर्यंत त्याच्याबद्दल एक ओळ लिहायची नाही. १९११ हे अमेरिकी लष्कराचं जुनं पिस्तूल, त्याच सालावरून नाव पडलेलं. पहिल्या दोनशे राउंडांत ते कुणालाही आवडतं आणि पुढच्या पाचशेंत बऱ्याच जणांना नकोसं होतं. मी दोन्हींतून गेले. आता जे मत झालंय ते बदलेल असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले.

पिस्तूल पूर्ण आकाराचं आहे: पाच इंची नळी, पोलादी फ्रेम (सांगाडा), .४५ एसीपी या जाड काडतुसाचं. त्याआधी दोन वर्षं मी पॉलिमर (प्लास्टिकसारख्या) फ्रेमचं ९ एमएम पिस्तूल वापरत होते आणि त्याच्याबद्दल खरंच तक्रार नव्हती. सतरा राउंडांचं मॅगझिन, वजनाला हलकं, देखभाल जेमतेम, अडकणं जवळपास नाहीच. पण पंचवीस मीटरवर माझा ग्रुप, म्हणजे कागदावर गोळ्या किती जवळजवळ लागतात ते, सुधारायचा थांबला होता. चार-पाच गोळ्या मध्यावर आणि उरलेल्या डावीकडे खाली. मला शिकवणारे सर सारखं सांगायचे, "अगं, शेवटच्या क्षणी ट्रिगरला हिसका देतेस." मला तो हिसका जाणवतच नव्हता. एके दिवशी त्यांनी आपलं १९११ टेबलावर ठेवलं, मॅगझिन काढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याचं मला दाखवलं, स्वतः पुन्हा बोट घालून तपासलं आणि म्हणाले, "आता टार्गेटकडे धरून दहा वेळा नुसता ट्रिगर ओढ."

तिसऱ्या-चौथ्या वेळेला मला माझा हिसका दिसला. नेम धरायची पुढची साइट टिचभर खाली जाऊन परत वर येत होती, आणि ती नेमकी कधी जाते हेसुद्धा कळत होतं.

हे का झालं ते समजून घ्यायला मला पुढे बरेच दिवस लागले. बहुतेक पिस्तुलांत ट्रिगर वरच्या एका पिनेवर झुलतो. बोट वर ठेवलं की ओढायला जड, खाली ठेवलं की हलका. आणि बोटाची दिशाही थोडी गोलाईत जाते. १९११चा ट्रिगर झुलत नाही. त्याला मागे एक चौकटीसारखी पट्टी जोडलेली असते, ती मॅगझिनच्या दोन्ही बाजूंनी मागे जाते आणि अख्खा ट्रिगर खणासारखा सरळ मागे सरकतो. बोट कुठेही ठेवा, जोर तेवढाच लागतो. आधी थोडा मोकळा प्रवास, मग भिंतीला टेकल्यासारखा थांबा, आणि मग काच तुटावी तसा घोडा सुटतो. माझ्या पिस्तुलाचा ट्रिगर साधारण दोन किलोचा आहे, म्हणजे स्पर्धेच्या मानाने फार हलका नाही. पण त्या भिंतीपाशी कितीही वेळ थांबता येतं, आणि थांबलेलं असताना हात काय करतोय ते लपत नाही. माझ्या आधीच्या पिस्तुलाच्या लांब, रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या ट्रिगरमध्ये माझी चूक मिसळून जात होती. इथे ती वेगळी उभी राहते.

घरच्या सरावालाही याचा फायदा झाला. रिकाम्या पिस्तुलावर ड्राय फायर करताना दर वेळी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढावी लागत नाही, अंगठ्याने घोडा मागे घेतला की पिस्तूल पुन्हा तयार. पकड न सुटता सलग वीस-पंचवीस वेळा करता येतं. पहिले दोन महिने मी रोज पंधरा मिनिटं एवढंच केलं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, पिस्तूल दोनदा तपासलेलं, समोर भक्कम भिंत. वहीत बघितलं तर पहिल्या महिन्यात पंचवीस मीटरवर दोन हातांनी दहा गोळ्यांचा ग्रुप वीस सेंटिमीटरच्या आसपास होता, आता दहा-अकराच्या आत येतो. यात सरावाचा वाटा मोठा आहेच. पण तेवढाच सराव मी आधीच्या पिस्तुलावरही करत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे ते हातात बसतं कसं. माझा हात लहान आहे, बोटं आखूड. पंधरा-सतरा राउंडांची दोन रांगांची मॅगझिन घेणाऱ्या पिस्तुलांची मूठ मला नेहमी जाड वाटायची; ट्रिगरपर्यंत पोचायला मूठ थोडी फिरवून धरावी लागायची. १९११चं मॅगझिन एका रांगेचं, त्यामुळे मूठ चपटी आणि अरुंद. तळहात मागे पूर्ण टेकतो आणि बोटाचं पहिलं पेर आपोआप ट्रिगरवर येतं. लहान हातांचा हा प्रश्न जुनाच आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०च्या दशकात, अमेरिकी लष्कराने या पिस्तुलात जे बदल करून १९११ए१ काढलं, त्यात ट्रिगर आखूड करणं आणि ट्रिगरच्या मागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी खोलगट कापा देणं हे दोन बदल होते. माझ्या पिस्तुलाच्या फ्रेमवर त्या कापा आहेत आणि माझं बोट रोज त्यातूनच जातं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी आखूड बोटांचा विचार केला होता, याचं मला मनापासून बरं वाटतं.

आता त्रासाचं सांगते, कारण तोही भरपूर झाला.

पहिल्या चारशे राउंडांत हे पिस्तूल सात वेळा अडकलं. आधीच्या पिस्तुलावर दोन वर्षांत मिळूनही एवढं झालं नव्हतं. मी वैतागले होते. सरांनी एक साधी गोष्ट करायला लावली: मॅगझिनांच्या तळाला रंगाने १, २, ३, ४ असे आकडे टाक आणि अडकलं की कोणत्या नंबरवर ते लिही. सातपैकी पाच वेळा दोन नंबरचं मॅगझिन होतं. त्याचे वरचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा, नीट बघितल्यावर एका बाजूला किंचित फाकलेले दिसले. ते मॅगझिन बाद केलं आणि निम्म्याहून जास्त त्रास संपला. १९११ घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: पिस्तुलाला दोष देण्याआधी मॅगझिनांना नंबर द्या.

उरलेल्या दोन वेळा दोष माझ्या निवडीचा होता. मी सेमी-वॉडकटर गोळ्या वापरत होते. सपाट तोंडाची ही गोळी कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडते, म्हणून लक्ष्यभेदवाल्यांची आवडती. पण हे पिस्तूल आखलं गेलं ते गोल नाकाच्या २३० ग्रेनच्या (सुमारे १५ ग्रॅमच्या) गोळीसाठी. काडतूस मॅगझिनमधून वर येताना आधी फ्रेमवरचा उतार आणि मग नळीवरचा उतार चढतं. दोन्हींच्या मध्ये एक बारीकशी फट ठेवलेली असते. गोल नाक त्यावरून घसरत जातं, सपाट तोंडाची कड अडखळते. बरीच पिस्तुलं आता अशा गोळ्याही बिनतक्रार घेतात. माझं घेत नव्हतं. आर्मररने (पिस्तूल दुरुस्त करणाऱ्याने) उतार पॉलिश केले, रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा ताण बघितला, तेव्हा घेऊ लागलं.

एक्स्ट्रॅक्टरबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. आजच्या बहुतेक पिस्तुलांत तो बाहेरून बसवलेला छोटा आकडा असतो, मागे वेगळी स्प्रिंग. १९११च्या मूळ आराखड्यात ती स्लाइडच्या आत शिरलेली पोलादाची लांब काडी आहे आणि ती स्वतःच स्प्रिंगचं काम करते. तिचा बाक कमी झाला तर रिकामी पुंगळी नीट धरली जात नाही, जास्त झाला तर नवं काडतूस तिच्या आकड्याखाली सरकत नाही. हे काम हाताचं आहे, अंदाजाचं आहे, आणि ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्यावं. मी आर्मररच्या शेजारी बसून बघितलं. त्याने स्लाइड काढून हातात धरली, एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यात काडतूस अडकवलं आणि स्लाइड हळूच हलवली. काडतूस लटकत राहिलं. थोडी जोरात हलवली तेव्हा सुटलं. "एवढा ताण पुरे," म्हणाला. त्यानंतरच्या सत्तावीसशे राउंडांत माझं पिस्तूल दोनदा अडकलं आहे, आणि दोन्ही वेळा स्लाइडला परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग बदलायची वेळ टळून गेली होती.

हा आराखडा मुळातच नाजूक आहे, असं यावरून कुणी म्हणू नये. जॉन ब्राउनिंगचं हे पिस्तूल मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराच्या शेवटच्या चाचणीला उतरलं तेव्हा त्यातून ६,००० राउंड झाडले गेले. फार तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुढे चालू. ते अडकलं नाही. त्याच्याशी स्पर्धा करणारं सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडकलं. २९ मार्चला लष्कराने ब्राउनिंगचं पिस्तूल स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटाचं ९ एमएम येईपर्यंत तेच मुख्य पिस्तूल राहिलं. दुसऱ्या महायुद्धात ते बनवणाऱ्यांत टाइपरायटरवाली रेमिंग्टन रँड होती, रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल होती, आणि शिलाई मशीनच्या सिंगरनेही ५०० नग बनवले होते. लष्कराला एकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसायला हवा होता, म्हणून मापांत मोकळीक ठेवलेली असायची. आज आपल्याला पंचवीस मीटरवर बारीक ग्रुप हवा असतो, म्हणून स्लाइड आणि फ्रेम घट्ट बसवतात, तोंडाशी नळीला धरणारं कडं, बुशिंग, घट्ट करतात, आणि मग तेच पिस्तूल तेल मागतं, ठरावीक गोळी मागतं. माझ्या पिस्तुलाचा बराचसा हट्ट या घट्टपणातून आलेला आहे, असं माझं मत झालंय. बाजारात सुटे भाग ढिगाने मिळतात, पण आणला आणि बसवला असं क्वचितच होतं. मी अंगठ्याची सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनचा खटका) बदलून घेतली तेव्हा तिलाही कानस लावावी लागली.

मुठीच्या मागच्या सेफ्टीने एकदा मला चांगलंच अडचणीत आणलं. पिस्तूल नीट धरलं की तळहाताने ती दाबली जाते, नाहीतर ट्रिगर हलतच नाही. मी अंगठा वरच्या सेफ्टीवर ठेवून उंच पकडते, त्यामुळे तळहातात पोकळी राहते. एका मॅचमध्ये बझर वाजला, पिस्तूल वर आलं, साइट्स जुळल्या आणि ट्रिगर दगडासारखा घट्ट. दुसऱ्यांदा पकड दाबली तेव्हा चाललं, पण तोवर त्या टप्प्याची वेळ गेली होती. नंतर खालच्या टोकाला उंचवटा असलेली सेफ्टी बसवून घेतली. लहान हातवाल्यांनी तीच असलेलं पिस्तूल आधी बघावं.

साफसफाईला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि मला ती आवडतात, पण शिकताना जपून. बुशिंग फिरवताना स्प्रिंगची टोपी अंगठ्याखाली दाबून ठेवावी लागते. एकदा माझ्या अंगठ्याला तेल होतं, ती निसटून थेट छतावर आदळली. तेव्हापासून खोलतानाही मी डोळ्यांवर चष्मा लावते. आणि परत जोडताना स्लाइड स्टॉप (स्लाइड अडवणारा बाजूचा खटका) सरळ वर ढकलायचा, फ्रेमवरून घासत न्यायचा नाही. माझ्या पिस्तुलाच्या डाव्या बाजूला आता नखाएवढा एक वळसेदार ओरखडा आहे. वापरलेल्या अनेक १९११वर तो त्याच जागी दिसतो. शिवाय रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नये, हाताने सोबत न्यावी. चांगल्या ट्रिगरच्या कडा त्याने खराब होतात.

.४५चा झटका मला वाटला होता तसा नाही. ९ एमएम चटका दिल्यासारखं उडतं, हे ढकलतं. रिकामं असतानाच पिस्तूल सुमारे १.१ किलोचं, त्यामुळे धक्क्याचा मोठा भाग पोलाद पिऊन टाकतं आणि साइट्स जिथून गेल्या तिथेच परत येतात. मात्र एक हात लांब करून तीस राउंड झाले की खांदा बोलायला लागतो. मूळ मॅगझिन सात राउंडांचं, आता आठची मिळतात. वेगाच्या सर्वसाधारण स्पर्धेत याने मागे पडायला होतं हे उघड आहे. म्हणूनच आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांमध्ये या धाटणीच्या पिस्तुलांसाठी 'क्लासिक' नावाचा वेगळा गट आहे. मी त्यातच उतरते. तिथे सगळेच आठ-दहा राउंडांवर मॅगझिन बदलत असतात, आणि कुठे बदलायचं याचा हिशेब करणं हाच त्या खेळाचा मला सगळ्यात आवडणारा भाग झालाय.

ज्यांना पिस्तूल महिनोन्महिने कपाटात ठेवून काढलं की चालायला हवंय, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. डावखुऱ्यांनी सेफ्टी दोन्ही बाजूंना आहे का ते बघावं. बाकी ज्यांचा ग्रुप माझ्यासारखा कुठेतरी अडून बसलाय, त्यांनी घ्यायच्या आधी रेंजवर कुणाकडे १९११ असेल तर विचारा. माझा अनुभव असा की कुणी नाही म्हणत नाही. आधी पिस्तुलात गोळ्या भरू नका. रिकामं असल्याचं दोघांनी तपासा, टार्गेटकडे धरा, भिंतीपर्यंत ट्रिगर आणा, तिथे थांबा, आणि पुढच्या साइटकडे बघत राहा.