बोलपूरहून आणलेला तुमदाक

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील बोलपूरजवळच्या एका संथाल आदिवासी वस्तीतून गेल्या माघात आणलेला तुमदाक, म्हणजे संथालांचा दुतोंडी ढोल, मी सहा महिने वाजवत आहे. (नावातील शेवटचा ‘क’ पुरता उच्चारायचा नसतो, तो घशातच अडवायचा असतो.) त्यापूर्वी कुरियरने मागवलेला एक नग फुकट गेला होता. वरून तो धड दिसत होता, पण थाप मारताच तडकलेल्या माठासारखा बद्द बोलला. म्हणून दुसऱ्या वेळी मी स्वतः गेलो.

माठाची उपमा येथे शब्दशः खरी आहे. पखवाजाचे खोड लाकडाचे असते, तुमदाकाचे मात्र भाजलेल्या मातीचे. मृदंगाच्या केवळ नावात उरलेली माती येथे प्रत्यक्ष गळ्यात अडकवावी लागते. डावे तोंड रुंद आणि उजवे अरुंद असून दोन्ही तोंडांवर बैलाचे कातडे आहे, आणि चामड्याच्या वाद्या इतक्या दाट ओढलेल्या आहेत की खालची माती जेमतेम डोकावते. कारागिराने पुड्या (तोंडांवरची कातडी) न चढवलेली चार खोडी माझ्यासमोर बोटाने वाजवून दाखवली व त्यांपैकी खणखणीत निघालेले मला निवडू दिले. किंमत माझ्या रेल्वेभाड्याहून थोडीच अधिक पडली आणि ती मला रास्त वाटते.

डाव्या तोंडाचा घुमार अप्रतिम आहे. पखवाजाच्या धुम्यासारखी, म्हणजे डाव्या तोंडासारखी, प्रत्येक वेळी कणीक लावण्याचा खटाटोप नाही, तरी नाद खोल जातो. उजवे तोंड मात्र पावसाळ्यात पार उतरते. त्याला विस्तवाची ऊब द्यावी, असे कारागिराने सांगितले होते. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत मी ती सोय खिडकीतल्या उन्हावर भागवतो आणि आषाढात तेही मिळत नाही. माझ्या नगाला गट्टे (वाद्या ताणून स्वर लावण्याचे लाकडी ठोकळे) नसल्यामुळे पखवाजाप्रमाणे हवा तो स्वर लावून भजनाला साथ करण्याची अपेक्षा धरणाऱ्याने हे वाद्य घेऊ नये.

बसून वाजवण्यातही अर्धी गंमत जाते. बाहा आणि सोहराय या सणांत पुरुष तो गळ्यात घेऊन उभ्याने वाजवतात, समोर हात गुंफलेल्या स्त्रियांची रांग पावले टाकते आणि जोडीला टिपऱ्यांनी वाजणारा, वाडग्याच्या आकाराचा तामाक असतो. त्या तामाकाविना माझा तुमदाक घरी एकटा पडतो, हे मला घेतानाच कळायला हवे होते.