फीड रीडरकडे परत आले, त्याचा आतापर्यंतचा अनुभव

पावसाळ्यापासून फीड रीडर वापरतेय, आता उन्हाळा लागला, तेव्हा लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, मी सोशल मीडिया-बिडिया सोडून साध्वी झालेली नाही. व्हॉट्सअ‍ॅप आहे, त्यावर सोसायटीचा ग्रुपही आहे, कारण गुरुवारी पाणी बंद आहे हे अजून तरी मला दुसरीकडे कुठं वेळेत कळत नाही. फक्त स्क्रोल करत बसायची दोन अ‍ॅप्स फोनवरून काढली आणि त्या जागेवर हे टाकलं.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बऱ्याच साइट्स आपल्या नव्या लेखांची एक साधी यादी ठरलेल्या पत्त्यावर ठेवत असतात, ते फीड. आपल्याला ते एरवी दिसत नाही, पण रीडर अ‍ॅप अधूनमधून जाऊन बघून येतं आणि नवीन काही असलं की आणून पुढ्यात ठेवतं. बास, एवढंच. तुम्हाला काय आवडेल हे ठरवणारं मध्ये कुणी नाही. फीड लिहायची एक ठरलेली पद्धत म्हणजे आरएसएस, ते १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत निघालं, २००२ मध्ये त्याची २.० आवृत्ती आली, म्हणजे आमच्या ऑफिसातली काही पोरं या प्रकारापेक्षा लहान आहेत, आणि तीच पोरं रोज पॉडकास्ट ऐकतात जे याच फीडवर चालतात, लेखाच्या जागी ऑडिओ फाईलचा पत्ता असतो इतकाच काय तो फरक.

'परत' आले म्हणतेय कारण कॉलेजात असताना गूगल रीडर होता. २००५ मध्ये आला, १ जुलै २०१३ ला बंद झाला. तेव्हा मराठी ब्लॉगांचा भर होता, घरोघरी कुणीतरी ब्लॉगस्पॉटवर लिहीत होतं, आणि रीडर गेल्यावर हे सगळे लोक मला एकदम दिसेनासे झाले. लिहिणं बंद झालं असेल असं आपण गृहीत धरतो, पण तसं नव्हतं हे आत्ता कळलं, त्यावर येतेच. एक गंमत मात्र सांगायलाच हवी, गूगल रीडरचा सर्व्हर ज्या पद्धतीनं अ‍ॅप्सशी बोलायचा ती पद्धत अजून जिवंत आहे, फ्रेशआरएसएस, मिनिफ्लक्स, इनोरीडर हे आताचे फीड रीडर सगळे तीच भाषा बोलतात, त्यामुळे सर्व्हर एकाचा आणि फोनवरचं अ‍ॅप दुसऱ्याचं असं बिनधास्त चालतं. मालक गेला पण वाड्याला नाव त्याचंच, तसलं काहीतरी.

माझी मांडणी. घरी एक जुना लॅपटॉप पडून होता, स्क्रीनची एक बाजू गेलेली, त्याच्यावर लिनक्स टाकून फ्रेशआरएसएस बसवलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि लॅपटॉपची बॅटरी अजून तासभर टिकते म्हणून लाईट गेली तरी सर्व्हर बंद पडत नाही, वेगळा यूपीएस घ्यायला नको. सकाळी घरच्या वायफायवर फोन सगळं ओढून घेतो आणि मग पुण्यात नळ स्टॉपला मेट्रोत बसल्यापासून कल्याणीनगर येईपर्यंत आरामात वाचता येतं, नेट असो नसो. पण हे सगळं करायलाच पाहिजे असं अजिबात नाही. अँड्रॉइडवर फीडर नावाचं अ‍ॅप आहे, खातं उघडायची सुद्धा गरज नाही, आयफोनवाल्यांनी नेटन्यूजवायर घ्यावं, दोन्ही फुकट आहेत. फोनवर आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दोन्हीकडे एकच यादी पाहिजे असेल तर फीडली किंवा इनोरीडरवर खातं काढा.

फीडचा पत्ता शोधायला लोक घाबरतात, पण बहुतेक वेळा नुसता साइटचा पत्ता टाकला तरी अ‍ॅप आपण होऊन शोधतं. नाहीच सापडलं तर वर्डप्रेस असेल तर शेवटी स्लॅश फीड, ब्लॉगस्पॉट असेल तर स्लॅश फीड्स स्लॅश पोस्ट्स स्लॅश डिफॉल्ट, मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या साइटवरच्या माणसाच्या पत्त्याला शेवटी डॉट आरएसएस. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेललाही फीड असतं, त्यात शेवटचे १५ व्हिडिओ येतात, आणि मला हे फार आवडलं कारण गाण्याच्या एका चॅनेलवरचं नवीन रेकॉर्डिंग ऐकायला गेले आणि तासाभरानं भलत्याच कुणाच्या तरी किचनची टूर बघत बसलेली सापडले, असं आता होत नाही.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला मी काय केलं, सगळी वर्तमानपत्रं आणि न्यूज साइट्स भरल्या, आणि दोन दिवसांत न वाचलेल्यांचा आकडा हजाराच्या पुढं. बरेच जण इथंच कंटाळून सोडून देतात आणि मग म्हणतात फीड रीडरनं सुद्धा डोकं भणभणतं. माझं मत आता पक्कं झालंय की पेपरासाठी ही जागाच नाही. पेपर वाचायचा तर पेपर वाचा, नाहीतर त्याच्या साइटवर जा, दहा मिनिटांत वरच्या बातम्या कळतात. फीड रीडर खरा कामाचा आहे तो क्वचित लिहिणाऱ्या माणसांसाठी. स्क्रोलवाल्या अ‍ॅपमध्ये जो दिवसातून पाच वेळा टाकतो तोच दिसतो, सहा महिन्यांनी एकदा लिहिणाऱ्याचं लिखाण त्या गर्दीत कधी आलं कधी गेलं पत्ता लागत नाही. इथं उलटं आहे. सहा महिने गप्प बसलेल्या माणसाचं नाव एका सकाळी यादीत ठळक अक्षरात दिसतं आणि तुम्ही ते उघडेपर्यंत तिथंच राहतं.

पेपर काढून टाकले आणि जुन्या सेव्ह केलेल्या पत्त्यांमधून मराठी ब्लॉग एकेक करून भरले. निम्मे मेलेले निघाले. एकाचं डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नाव, सुटलं असावं, कारण चांगल्या पाककृती लिहिणाऱ्या त्या ब्लॉगच्या फीडमधून एक दिवस ऑनलाइन सट्ट्याच्या जाहिराती यायला लागल्या, लगेच काढला. पण बाकीचे? एक जण घाटवाटांवर लिहितो, कुठल्या नाळेत (डोंगरातल्या अरुंद घळीत) पाणी कुठवर टिकतं, कुठं दगड सुटलाय, फोटो अगदी साधे. मला वाटलं होतं २०१४ च्या सुमारास थांबला असेल. थांबला नव्हता, दर दिवाळीनंतर एखादा लेख टाकतच होता, इतकी वर्षं. मी सगळे वाचून काढले आणि त्याला मेल टाकला. चार दिवसांनी उत्तर आलं, म्हणाले साइटच्या काउंटरवर महिन्याला पाच-सात लोक दिसतात म्हणून मी आता स्वतःची नोंदवही समजूनच लिहितो. आता रीडरमध्ये वाचणारे त्या काउंटरवर बहुतेक वेळा मोजलेच जात नाहीत, हे मी त्यांना लिहून पाठवलं तर जानेवारीत दोन लेख आले! योगायोग असेलही.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. नवीन वर, जुनं खाली, तारखेसकट. ऐकायला काय विशेष वाटत नाही, पण पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की दरवर्षी भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे फोटो फिरतात ना, त्यातला एक यंदा मला नवऱ्यानं दाखवला, 'आत्ताचा आहे' म्हणून, खाली शेकडो कॉमेंट. नीट बघितलं तर नदीपात्रात मेट्रोचे खांबच नव्हते. म्हणजे किती वर्षांपूर्वीचा असेल बघा. त्या स्क्रोलवाल्या अ‍ॅपला काय, लोक थांबून बघतायत ना, झालं तर मग. पण हेही कबूल करायला पाहिजे की त्या दिवशी पूल खरंच बंद आहे का हे मला फीड रीडरनं सुद्धा सांगितलं नाही, ते डेक्कनला राहणाऱ्या मावशीला फोन करूनच कळलं. गावातलं तातडीचं काही यात येत नाही, ती अपेक्षाच ठेवू नका.

आईच्या फोनवरही लावून दिलं, तिला पाहिजे तेवढंच, दोन पाककृतीवाले ब्लॉग, एक आरोग्याचा, एक प्रवासाचा. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन, "अगं ते संपलं." म्हटलं संपणारच, आज कुणी नवीन लिहिलं नसेल. "मग आता मी काय बघू?" म्हटलं काही नको बघूस, झोप. रागावली जरा, पण अ‍ॅप काढलेलं नाही, आणि मधूनमधून मलाच सांगत असते की त्या प्रवासवाल्या बाई या महिन्यात काही बोलल्या नाहीत, बऱ्या आहेत ना.

वैताग आहेतच. एका अ‍ॅपात देवनागरीच्या ओळी इतक्या जवळजवळ बसवल्यात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, इंग्रजी मात्र छान दिसतं, कुणी मराठी उघडून बघितलंच नसणार. ओळींमधलं अंतर वाढवायची सोय आहे का हे आधी बघा, मगच अ‍ॅप निवडा. काही साइट्स फीडमध्ये पहिल्या दोन ओळीच देतात, वर्डप्रेसमध्ये पूर्ण मजकूर की सारांश असा साधा पर्याय असतो, ब्लॉग लिहिणाऱ्यांनी कृपा करून पूर्ण मजकूर ठेवा हो. माझा फोन बॅटरी वाचवायच्या नादात अ‍ॅप मागच्या मागे बंद करतो, त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन त्याला सूट द्यावी लागली, नाहीतर मेट्रोत बसल्यावर कालचंच वाचत बसायचं. आणि थोडं एकाकीही आहे. लेख आवडला तर शेजारी कुणी दिसत नाही ज्याला तो आवडलाय. मी मैत्रिणीला लिंक पाठवते, ती अंगठा पाठवते, वाचत नाही.

अजून एक हवंय. पुण्यात भरत नाट्य, यशवंतराव, बालगंधर्व या नाट्यगृहांत कुठला प्रयोग कधी आहे याचं एकत्र फीड मला अजून सापडलेलं नाही, पेपरातली जाहिरात बघूनच तिकीट काढतेय. कुणाकडे पत्ता असेल तर सांगा, आणि क्वचित लिहिणारे मराठी ब्लॉग माहीत असतील तर तेही, वर्षातून एक लेख आला तरी चालेल.