रिमोटची गाडी २ स्टार, बटणाची भिंगरी ५ स्टार

लेकीला वाढदिवसाला रिमोटची गाडी आणली, लाइट, म्युझिक सगळं आहे पण खेळायचं काय तर बटण दाबा आणि बघत बसा, चौथ्या दिवशी चार्जिंग टिकेना आणि गाडी गेली माळ्यावर. चाकं मजबूत आहेत म्हणून २ स्टार.

मग जुन्या कोटाचं मोठं बटण काढलं, समोरासमोरच्या दोन भोकांतून जाड दोरा ओवून गाठ मारली, दोन्ही टोकं बोटांत अडकवून पीळ दिला आणि ओढ-सोड सुरू! पीळ सुटताना बटण एवढ्या जोरात फिरतं की त्याच वेगात उलटा पीळ बसतो, म्हणून हात चालू तोवर ते थांबतच नाही, घूंऽऽ आवाज येतो तो वेगळाच. आधी तिला ओढायची लय सापडेना, सापडली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही. (लांब केस बांधा मात्र, दोऱ्यात गुंततात.)

अमेरिकेतल्या टॉय हॉल ऑफ फेममध्ये (गाजलेल्या खेळण्यांची मानाची यादी) २००५ साली पुठ्ठ्याचा खोका आणि २००८ ला साधी काठी घेतलीय, मला तर ते अगदी पटलं. आता बाईसाहेब पुठ्ठ्याच्या चकत्या कापून रंगवतायत, लाल-पिवळी फिरली की नारिंगी दिसते म्हणून दिवसभर मला हाका चालल्यात.